प्रबंधावरचा शेवटचा हात

बायकोला मदत करावी, असा विचार एका रविवारी दाढी करताना माझ्या मनात आला. (दाढी करताना आलेले माझे विचार रक्त काढल्याशिवाय राहत नाहीत.) मुलं मार्गी लागल्यावर तिने पीएच.डी.ला नाव घातलं होतं. प्रबंध अख्खा इंग्रजीत, सोमवारी विद्यापीठात द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द. फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिला होता.

"अगं, स्वल्पविराम-बिराम मी बघतो. तू जरा पड," मी म्हटलं. "जन्म गेला माझा ऑफिसात मसुदे तपासण्यात."

"फक्त स्वल्पविराम हं!" असं बजावून ती आत गेली.

कॉम्प्युटरवर ते काम लगेच आटोपलं. (वाचताना दम लागला तिथे टाकला, नाही लागला तिथला काढला.) पण वाचता वाचता माझं डोकं तापायला लागलं. दर दोन ओळींनंतर कंस, आणि त्यात कुणीतरी परका माणूस, साल, पान नंबर! राबायचं माझ्या बायकोने आणि नाव लावायचं दुसऱ्याचं? ऑफिसात हेच सोसत आलोय मी. मसुदा माझा, सही साहेबांची आणि शाबासकीही साहेबांनाच. निदान घरात तरी हा अन्याय चालू द्यायचा नाही, म्हणून मी एकेक नाव वेचून काढलं. शेवटी तर पानंच्या पानं नुसती नावंच होती. तीही उडवली. प्रबंध कसा सुटसुटीत झाला.

ती उठून आली तेव्हा मी छाती फुगवून बसलो होतो.

"अहो, यातले संदर्भ कुठे गेले?"

"काढले. राबलीस तू, मग दुसऱ्यांची नावं कशाला?"

"दुसऱ्याचं लिहिलेलं आपलं म्हणून छापलं की त्याला चोरी म्हणतात! इतकी वर्षं घासली मी, आणि तुम्ही एका दुपारी मला चोर केलंत?"

"परत घालतो गं सगळे," मी म्हटलं.

"घाला की. कोण कुठे होता?"

मला एकही आठवेना. मी उद्या रजा टाकतो म्हणालो, तिच्या मार्गदर्शक बाईंचे पाय धरतो म्हणालो. बनियन घामाने चिंब झाला, तेव्हा कुठे तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.

"मूळ प्रत यात आहे. तुमच्या हातात देण्याआधीच काढून ठेवली होती. संसार केलाय तुमच्याशी!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

"म्हटलं, जरा घाम येऊ दे."

प्रबंध वेळेवर गेला, पदवीही मिळाली. सोनेरी अक्षरांची बांधीव प्रत घरी आल्यावर मी हात धुऊन आधी आभाराचं पान उघडलं. मार्गदर्शक बाई होत्या, ग्रंथपाल होते, प्रिंटर देणारे शेजारी होते. टेबलाखाली झोपणारं मांजरसुद्धा होतं. मी उलटसुलट दोनदा वाचलं.

"अगं, यात माझं नाव कुठे दिसत नाही?"

चहाचा कप खाली न ठेवता ती म्हणाली, "राबले मी. मग दुसऱ्यांची नावं कशाला?"