वडिलोपार्जित मोकळी जागा

रेघोबाला आपलं टक्कल पहिल्यांदा दिसलं ते औषधाच्या दुकानात. खोकल्याच्या गोळ्या घ्यायला तो रांगेत उभा होता. गल्ल्याच्या वर कॅमेऱ्याचा पडदा होता आणि त्यात रांगेतला एक माणूस पाठमोरा दिसत होता. डोक्याच्या मधोमध चांगला बशीएवढा भाग उघडा. रेघोबाला त्याची दया आली. बिचाऱ्याला घरी कुणी सांगत कसं नाही, असं मनात म्हणत त्यानं डोकं खाजवलं, तर पडद्यावरच्या माणसानंही खाजवलं.

आता, पुढचे केस मागे सरकताहेत हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. शेजाऱ्यानं रोज थोडा बांध कोरावा तसं कपाळ काही वर्षं वर वर चाललंच होतं. पण ती बाजू आरशात दिसते. एकट्या माणसाच्या डोक्याची मागची बाजू सगळ्या जगाला दिसते, फक्त मालकाला दिसत नाही. आई असती तर तिनं सांगितलं असतं. ती जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यानंतर रेघोबाच्या मागे कुणी उभंच राहिलेलं नव्हतं.

रेघोबा हे अर्थात टोपणनाव. जमीन मोजणीच्या एका खाजगी ऑफिसात तो नकाशे काढायचा. दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी आखता आखता चाळिशी उलटली, स्वतःची म्हणावी अशी कुंडीसुद्धा नव्हती. ऑफिसात माणसं चार: साहेब, टायपिस्ट बाई, मोजणीदार आणि हा. तिघं चहाला साहेबांच्या टेबलाशी बसायचे आणि रेघोबाचा कप त्याच्या टेबलावर यायचा. कुणी मुद्दाम केलं होतं असं नाही. नव्यानं लागला तेव्हा एकदा नकाशा अर्धा होता म्हणून तो उठला नाही, आणि मग तीच रीत पडली. दिवसभरात त्याला एकच प्रश्न विचारला जायचा, “नकाशा झाला का?” तो “झाला” म्हणायचा, आणि संभाषण संपायचं.

त्यातला मोजणीदार तर त्याला नकोसाच वाटायचा. पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ दिवसभर उन्हात जमिनी मोजत हिंडे, पण डोक्यावर काळंभोर रान. एक केस इकडचा तिकडे नाही. देव देतो तेव्हा असा देतो. बोलताना आपली नजर त्या केसांवर जाऊ नये म्हणून रेघोबा त्याच्या बुटांकडे बघून बोलायचा.

तर रेघोबा डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी भिंग लावून डोकं पाहिलं आणि हे वडिलांकडून आलंय म्हणून सांगितलं. वडिलांनी मागे काहीच ठेवलं नाही अशी रेघोबाची इतकी वर्षं समजूत होती, ती त्या दिवशी दूर झाली. मग डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले. एक, गोळ्या आणि लावायचं औषध. त्यानं आहे ते टिकतं, जमलं तर थोडं वाढतं, पण थांबवलं की गेलं. दोन, शस्त्रक्रिया, म्हणजे मागचे केस मुळांसकट काढून पुढे लावायचे. तीन, वरवरचा इलाज, म्हणजे टोप. प्रत्येकात काही बरं, काही वाईट. “घाई नको,” डॉक्टर म्हणाले. “घरी सगळ्यांना विचारा आणि मग सांगा.”

घरी सगळे म्हणजे एक पंखा, एक फ्रीज आणि खिडकीत येणारं एक कबूतर. टक्कल कुणाला विचारून पडत नाही, पण ते घालवायचं म्हटलं की कुणाला तरी विचारावंसं वाटतं. ‘मी कसा दिसतो’ हे एकट्यानं ठरवता येत नाही हो. रेघोबानं आरशासमोर उभं राहून स्वतःला विचारलं, स्वतःच उत्तर दिलं, आणि दोघांचं पटलं नाही.

चार-पाच दिवस असेच गेल्यावर दवाखान्यातून ऑफिसात फोन आला. रेघोबा फोन घेऊन नकाशांच्या कपाटामागे गेला आणि तोंडावर हात धरून कुजबुजला. आता, कुजबुजलेलं ऐकू जावं अशी कपाटामागच्या जागेची ख्याती होती. ऑफिसला ऐकू आलं ते असं:

“हो, वडिलोपार्जितच... पुढची जागा पूर्ण मोकळी आहे. मधेही गेलंय. मागे मात्र दाट आहे अजून... लागवड केली तर धरेल ना?... नाही हो, घरी विचारायला कुणी नाही. मी एकटाच वारस.”

दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात लोकांना कळलं असतं. पण इथे माणसं सकाळी गटनंबर घेऊन यायची आणि संध्याकाळी चतुःसीमा घेऊन घरी जायची. त्यांना मोकळी जागा म्हटलं की एकच अर्थ कळायचा.

चहाच्या वेळी साहेबांनी हाक मारली, “रेघोबा, कप घेऊन इकडे या.” बाईंनी खुर्ची सरकवली. रेघोबा भीत भीत बसला. साहेब म्हणाले, “आम्ही ऐकलं. चोरून नाही, ऐकू आलं. वडिलोपार्जित गोष्टीची लाज कसली वाटून घेता?”

रेघोबाचे कान तापले. पण कुणी हसत नव्हतं. उलट तिघंही अगदी गंभीर होते. साहेबांचं मत पडलं की लागवडीची घाई करू नये. नुसतं आणून खोचलं की झालं, असं नसतं. आधी जागेत कस आहे का बघायचं, आणि एकदा लावलं तरी पुढे जपावं लागतंच. डॉक्टरही अगदी हेच म्हणाले होते. साहेबांचा या विषयातला अभ्यास पाहून रेघोबा थक्क झाला.

बाईंच्या मामांनी म्हणे सगळी भिस्त औषधावर ठेवली होती. पण त्यातून सुटका नसते. मामांनी मधे हात आखडला आणि होतं नव्हतं तेही गेलं. मामा आता कसे आहेत, असं रेघोबानं हळूच विचारलं. बाईंनी सुस्कारा सोडला. आता सगळं उजाड आहे, म्हणाल्या, खालचे दगड वर आलेत. मामांच्या डोक्याचं चित्र डोळ्यांसमोर येऊन रेघोबाचा हात आपसूक स्वतःच्या डोक्यावर गेला.

मग मोजणीदारानं कप खाली ठेवला. तो म्हणाला, “तिसरा मार्ग आहे. तयार हिरवळ मिळते, ती वरून अंथरायची. लांबून कुणाला कळत नाही.” साहेब हसले. मोजणीदार हसला नाही. “सोपं नसतं ते. खाली हवा लागत नाही. वारा सुटला की जीव मुठीत. आणि एकदा चार लोकांनी पाहिली की काढायची सोय नाही. मग आपण तिची राखण करत बसायचं.”

रेघोबाला भरून आलं. ज्या गोष्टीबद्दल बोलायला जगात कुणी नव्हतं, तिच्यावर तीन माणसं कपातला चहा गार करून विचार करत होती. एवढ्यात साहेबांनी विचारलं, “बरं, रस्ता लागून आहे का? उद्या गाडी आत न्यायची झाली तर?”

आपल्या डोक्यात गाडी कुठून न्यायची याचा रेघोबानं प्रामाणिकपणे विचार केला, आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही मंडळी जमिनीबद्दल बोलत होती.

खरं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलंही. पण खरं सांगितलं की हे हसणार, आणि हसून झालं की आपण परत आपल्या टेबलाशी जाणार, हे त्याला स्पष्ट दिसलं. तिथे बसायला त्याला फार बरं वाटत होतं. “पायवाट आहे,” तो म्हणाला. अगदीच खोटंही नव्हतं ते. भांग अजून पडत होता.

मग रोज त्याचा चहा साहेबांच्या टेबलाशी येऊ लागला. आल्या आल्या कुणीतरी विचारायचं, “काय म्हणते जागा?” बाई सावली देणारी झाडं सुचवायच्या, साहेब कुंपण सुचवायचे. दवाखान्याचा फोन आला की रेघोबा अजून ठरत नाही म्हणून सांगायचा. ठरवलं असतं तर विषयच संपला असता, आणि विषय संपला की खुर्ची गेली. केस गेलेले त्याला चालले असते एक वेळ.

पण खोट्याला शेवट असतोच. साहेबांनी एक दिवस जाहीर केलं की नुसत्या गप्पा पुरे, रविवारी सगळे मिळून जागा बघायला जाऊ. बाईही तयार झाल्या. मोजणीदारानं फक्त मान हलवली. आधी सगळे माझ्या घरी या, तिथून पुढे बघू, एवढं तो कसाबसा बोलला.

रविवारी त्यानं खोली झाडून काढली. शेजाऱ्यांकडून दोन खुर्च्या आणल्या, चार कप धुऊन पालथे घातले. कबुली पाठ केली. पहिल्यांदा माफी, मग वडिलांचा उल्लेख, मग मान खाली घालून प्रत्यक्ष जागा दाखवायची. आरशासमोर दोनदा सराव केला.

साहेबांचा फोन आला, पाहुणे आलेत, जमणार नाही. थोड्या वेळानं बाईंचा आला, गुडघा धरलाय. पुन्हा कधीतरी, दोघंही म्हणाले. रेघोबाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. वाईट वाटलं, लहान पोराला वाटतं तसं. जिन्यावर पावलं वाजतील म्हणून तो कान देऊन बसला होता हे त्याला आता कळलं. शेजाऱ्यांच्या खुर्च्या परत करायला तो उठला, तेव्हा बेल वाजली.

दारात मोजणीदार होता, रिकाम्या हातांनी.

“टेप नाही आणली?” रेघोबानं विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

“डोकं मोजायला टेप कशाला लागते?”

रेघोबा दारातून बाजूला झाला. मोजणीदारानं दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला. “पहिल्याच दिवशी कळलं मला,” तो म्हणाला. “मागे दाट आहे म्हणालास ना, तेव्हाच. मी जमिनीचं बोलतच नव्हतो रे.” आणि त्यानं दोन्ही हात कानांपाशी नेले आणि ते काळंभोर रान अलगद उचलून टेबलावर, पालथ्या कपांशेजारी ठेवलं.

रेघोबानं आज पहिल्यांदा बूट सोडून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कुणालाच माहीत नाही का, असं त्यानं विचारलं.

“बायकोला आहे. पण तीही बोलत नाही, मीही बोलत नाही. बोलायचं राहिलं, ते राहूनच गेलं.” मग जरा थांबून, जिभेवर आलेलं परत गिळावं की काय अशा आवाजात तो म्हणाला, “जरा मागून बघून सांगतोस, कसं दिसतंय?”

रेघोबा त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. काम माहितीचं होतं, त्यानं सावकाश केलं. “दोन्ही कानांवरून पट्टा आहे, पांढरा. मागे थोडी झालर. मधे साफ. आणि उजव्या अंगाला एक तीळ आहे.”

“तीळ आहे?”

“आहे. मुगाएवढा.”

“मला माहीतच नव्हतं,” मोजणीदार म्हणाला, आणि तो तीळ बोटानं चाचपत बसला.

मग रेघोबाची पाळी आली. मोजणीदारानं त्याचं डोकं दिव्याकडे वळवून नीट पाहिलं आणि घरातल्या थोरल्यानं सांगावं तसं सांगितलं. मागचं चांगलं आहे, ते उपटून पुढे नेऊ नकोस. टोप तर मुळीच नको. आहे तेवढं औषधानं राखायचं, राहिलं तर राहिलं. रेघोबानं विरोध केला नाही. कुणीतरी सांगितलं, एवढंच त्याला पुष्कळ होतं. खुर्च्या परत करायला त्या दिवशी उशीर झाला.

सोमवारी चहाला साहेबांनी विचारलं, “काय, पाहिलीत का जागा?”

“पाहिली,” मोजणीदार म्हणाला. केसन् केस जागच्या जागी होता. “लागवड नको म्हटलं. रोजचं औषधपाणी केलं की पुरे.”

“आणि शेजार कसा आहे? जागेपेक्षा शेजार महत्त्वाचा.”

“शेजारची जागा त्याहून मोकळी आहे,” मोजणीदार कपात बघत म्हणाला. “बांधाला बांध लागून. त्यानं वर हिरवळ अंथरलीये.”

साहेबांनी काळजीनं रेघोबाकडे पाहिलं. “माणूस भांडखोर नाही ना?”

“नाही हो, चांगला आहे,” रेघोबा म्हणाला. “दर रविवारी हिरवळ काढून ठेवीन म्हणालाय. मग आम्ही दोघं जरा उन्हात बसणार आहोत.”