हळद मोफत, लग्न सशुल्क

अर्धी गोष्ट फुकट देणे हा दानाचा सर्वांत काटकसरीचा प्रकार आहे. हे ओळखून एका सशुल्क प्रसारण कंपनीने २०१२ साली 'ओळख' ही मोफत वाहिनी काढली. कंपनीच्या प्रत्येक मालिकेचे पहिले तीन भाग तिच्यावर दिसत. चौथ्यापासून रिचार्ज.

सुकापूरच्या पूर्वीने (भौतिकशास्त्रात बी.एस्सी., नोकरीच्या शोधात, म्हणजे वेळेची टंचाई नाही) पहिल्या आठवड्याची मोजदाद केली: मालिका अकरा, भाग तेहतीस, गाडीचे अपघात चार, स्मृती गेलेले नायक तीन, शेवट शून्य. तिचे वडील काशिराम यांना यात काहीच उणे दिसले नाही. कोणतीही मालिका तीनच दिवस बरी असते, असे त्यांचे मत होते, आणि ते निरीक्षणाशी जुळत होते.

पंचाईत हळदीने केली. एका मालिकेच्या तिसऱ्या भागात नायिकेला हळद लागली. आई जनीने गल्लीतल्या नऊ बायकांसह ती साग्रसंगीत पाहिली. त्यांतल्या गंगाबाईने तर बसल्या जागी लग्नातले दोन धवलेही गायले. तेवढ्यात पाटी आली: पुढे पाहण्यासाठी रिचार्ज करा.

"अवो, पॅक मारा," जनी म्हणाली. "पोरीचं लगीन हाय उद्या."

"आपल्याला आवतन हाय काय?"

"हलदीला बसलो ना आमी? हलद खाल्ली नि लग्नाला नाय गेलो, तर लोकांना तोंड कसं दाखवायचं?"

"कंच्या लोकांना?"

"पोरीच्या आयशीला!"

"आई, ती नटी आहे," पूर्वी म्हणाली.

"मग? नटीला आयस नसते काय?"

काशिराम हरले, कारण गावकीत हळदीला जेवून लग्न चुकवणाऱ्याविषयी काय बोलतात, ते त्यांना ठाऊक होते. (बोलणाऱ्यांत ते पुढे असत.) तीन महिन्यांचे पॅक मारले.

दुसऱ्या संध्याकाळी आठ वाजता दहा बायका नव्या साड्या नेसून, मुठीत अक्षता धरून पडद्यासमोर बसल्या. नवरा मांडवात आला आणि वीज कडाडली. मांडवात. तिसऱ्या दिवशी मामा बेशुद्ध पडला. अकराव्या दिवशी नवऱ्याचा जुळा भाऊ उगवला. अक्षता रोज नव्या होत. कालच्या आज टाकणे बरे दिसत नाही. गंगाबाईने नातीचे बारसे सकाळी उरकले, कारण संध्याकाळी लग्न होते.

पूर्वी रोज पट्टी लावून पडद्यावर वधूवरांमधले अंतर मोजू लागली (अचूकता: एक मिलिमीटर). पहिल्या दिवशी एकतीस सेंटिमीटर. नव्वदाव्या दिवशी, पॅक संपताना, साडेतीस. काशिरामांनी कोणी न सांगता वर्षभराचे पॅक मारले.

पुढे पूर्वीला पनवेलमध्ये पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथे तिने ही हकीकत सव्वीस पदवीधरांना सांगितली. सव्वीसही जण पोट धरून हसले. त्यांपैकी चोवीस जणांनी नंतर विचारले, "पण लग्न झालं का?"