ध्रुवाशेजारची ओल

तारांगणाच्या घुमटाला ओल आली, आणि तीही नेमकी ध्रुवताऱ्याच्या डावीकडे. एवढा मोठा घुमट! दक्षिणेला, जिथं कुणी मान वळवून बघत नाही तिथं ती आली असती, तर व्याख्यात्यांचं आयुष्य सुरळीत गेलं असतं. पण गच्चीवरची पाण्याची टाकी उत्तरेला होती. टाकी भरून वाहायला लागली की पाणी काही दिशा विचारून झिरपत नाही.

व्याख्याते रोज तीन वेळा अंधारात माईकपुढे उभे राहून लोकांना आकाश समजावून सांगत. सात वर्षं ते हंगामीच होते. ‘घुमटाखाली मी आजवर एकही चुकीचं वाक्य बोललेलो नाही,’ हे ते घरी-दारी कुणालाही ऐकवत, कारण ऐकवण्यासारखं त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. त्यांना कायम करण्याचा कागद संस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. अध्यक्ष म्हणाले होते, “आधी एकदा खेळ बघतो, मग सही करतो.”

अध्यक्षांचा आकाशाशी संबंध उन्हात वर बघून ‘काय तापलंय’ म्हणण्यापुरता होता. ते सोमवारी आले आणि पहिल्या रांगेत पाय लांब करून बसले. शेजारी तारांगणाचे संचालक, अवघडून. दिवे मंद झाले, तारे उगवले, आणि ध्रुवाशेजारच्या ओल्या गिलाव्यावर उजेड पडून तो भाग छान चमकायला लागला.

“हे हो काय? हे चमकतंय ते?” अध्यक्षांनी विचारलं.

“साहेब, तिथं जरा गळ...” व्याख्यात्यांनी सुरुवात केली.

“तेजोमेघ!” संचालक एवढ्या जोरात ओरडले की मागच्या रांगेत झोपलेला एक प्रेक्षक जागा झाला. “तेजोमेघ आहे साहेब. वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग. त्यातूनच तारे जन्माला येतात.”

संचालकांचाही नाइलाज होता. ‘गळती कायमची बंद केली आहे’ असा अहवाल त्यांनी मागच्याच महिन्यात सही-शिक्क्यानिशी पाठवला होता. बंद केलेली गळती पुन्हा दिसते म्हणजे काय? त्यापेक्षा आकाशात एका वस्तूची भर पडलेली परवडली.

इतक्यात आकाश फिरायला लागलं. सगळे तारे सरकले. ओल होती तिथंच राहिली.

“बाकीचे सगळे फिरतायत, मग हा का नाही फिरत?” अध्यक्ष दिसायचे तेवढे काही भोळे नव्हते.

संचालकांनी अंधारात माईकपाशी येऊन व्याख्यात्यांना कोपरानं ढोसलं. व्याख्यात्यांच्या डोळ्यांसमोर टेबलावरचा तो कागद आला. ते घसा खाकरून म्हणाले, “ध्रुवाच्या अगदी जवळच्या गोष्टी... फार थोड्या सरकतात.”

वाक्य बरोबर होतं. कुठल्याही पुस्तकात सापडलं असतं. अध्यक्ष मात्र खुर्चीतून अर्धे उठले. “म्हणजे अढळ!” एकोणीस वर्षं त्यांनी अध्यक्षपद सोडलं नव्हतं. हा शब्द त्यांना फार जवळचा वाटला.

संध्याकाळी व्याख्यात्यांनी सगळी हकीकत बायकोला सांगितली. “पण मी खोटं बोललो नाही हं,” शेवटी ते म्हणाले.

“खरंही बोलला नाहीत,” ती म्हणाली. “आणि आपल्या न्हाणीघरात असे चार तेजोमेघ आहेत, त्यांचंही काहीतरी बघा.”

आठ दिवसांत त्या ओलीला अध्यक्षांच्या दिवंगत वडिलांचं नाव देण्याचं ठरलं. पितळी पाटी करायला टाकली. दारावर फलक लागला : ‘फक्त आमच्याच घुमटात पाहा!’ ही जाहिरात मात्र शंभर टक्के खरी होती. गर्दी वाढली. लोक शनीची कडी सोडून ओल बघायला लागले. कुणाला तिच्यात हत्ती दिसला, कुणाला आपली सासू.

मग अध्यक्षांनी हट्ट धरला, की वडिलांना गच्चीवरच्या दुर्बिणीतून बघायचंच. संचालकांनी व्याख्यात्यांनाच पुढे केलं. व्याख्यात्यांनी दुर्बीण इमानदारीत ध्रुवाच्या दिशेला वळवली.

“मला तर नुसतं काळं काळं दिसतंय.”

“मध्ये टाकी येते साहेब.”

“आणि तेजोमेघ?”

“तो... टाकीमुळेच,” व्याख्याते म्हणाले. हेही वाक्य बरोबर होतं.

“टाकीमुळे दिसत नाही म्हणा की,” असं म्हणून अध्यक्षांनी टाकी हलवायचा हुकूम सोडला. त्यावर संचालकांनी एक समिती नेमली. टाकी अर्थातच जागची हलली नाही. ओल मात्र वाढली. थाळीएवढी होती ती परातीएवढी झाली.

“वाढतोय हो!” अध्यक्षांना उमाळा आला.

“विश्व प्रसरण पावतंय साहेब,” संचालक म्हणाले.

पाटीच्या अनावरणाला सभागृह गच्च भरलं. व्याख्यात्यांच्या खिशात भाषणाचा कागद होता, संचालकांनी लिहून दिलेला. ‘थोर पित्याप्रमाणे अढळ असा हा तेजोमेघ’ अशी त्याची सुरुवात होती. अनावरणानंतर अध्यक्ष स्टेजवरच सही करणार होते, पेनसुद्धा तयार होतं. हे एक वाक्य बोललं की नोकरी पक्की. व्याख्यात्यांनी कागद उघडला. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांना घुमटाखाली धडधडीत खोटं वाक्य बोलायचं होतं.

तेवढ्यात टप्पकन काहीतरी अध्यक्षांच्या टकलावर पडलं.

“हे काय पडलं?”

“उल्का असेल साहेब,” संचालक पुटपुटले.

“ओली?”

दुसरा थेंब पडला. व्याख्यात्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी सगळे दिवे लावले आणि माईकवर मोठ्यानं सांगितलं, “साहेब, हा तेजोमेघ नाही. ओल आहे. वर टाकी गळतेय.”

उजेडात ती ओल कुठल्याही जुन्या घराच्या भिंतीवर शोभेल अशी दिसत होती. व्याख्यात्यांना मात्र कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. अध्यक्षांनी रुमालानं टक्कल पुसलं आणि शांतपणे संचालकांना विचारलं, “गळतीचं काम दिलं कुणाला होतं?”

“आपल्या जावईबापूंना.”

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. “मग गळती नाही,” ते म्हणाले. “दिवे बंद करा.”

दिवे बंद झाले. हाही खेळाचाच भाग असावा असं समजून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

दुसऱ्या दिवशी व्याख्यात्यांना पत्र मिळालं. ते पत्र त्यांनी तीनदा वाचलं. त्यांना कायम करण्यात आलं होतं. फक्त ‘ओल ओळखण्यातील आपले विशेष प्रावीण्य लक्षात घेता’ त्यांची नेमणूक डागडुजी विभागात केली होती. माईकपुढे आता रंगारी उभा राहायचा. ओलीच्या कडेनं सोनेरी किनार काढायला त्याला बोलावलं होतं. परांचीवर चढून काम करता करता तो प्रेक्षकांना तेजोमेघाची माहिती द्यायला लागला, आणि ती लोकांना व्याख्यात्यांच्या माहितीपेक्षा फार आवडली. त्याला कसलीच शंका नसायची.

व्याख्यात्यांना आधी वाईट वाटलं. मग ते पान्हा घेऊन गच्चीवर गेले. टाकीतलं पाणी भरल्यावर बंद करणारा बॉलकॉक सडला होता. तो त्यांनी बदलला, स्लॅबच्या भेगांत डांबर भरलं, आणि आठ दिवसांत ओल वाळायला लागली. सात वर्षं ते आकाशाबद्दल नुसतं बोलत आले होते. त्यातलं काहीतरी आपल्या हातानं दुरुस्त झालेलं ते पहिल्यांदाच बघत होते. त्या आनंदात त्यांनी घरचं न्हाणीघरही करून टाकलं. बायकोनं त्यांना आपण होऊन दुसऱ्यांदा चहा दिला.

पंधराव्या दिवशी घरी लखोटा आला. कारणे दाखवा नोटीस. बायकोनं ती मोठ्यानं वाचली :

“विषय : विश्वाचे प्रसरण थांबल्याबाबत. आपण गच्चीवर काम सुरू केल्यापासून मा. अध्यक्षांच्या वडिलांचा आकार कमी होत असल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबतचा खुलासा तीन दिवसांत करावा, अन्यथा आपली नेमणूक रद्द का करू नये...”

“काय लिहू यावर?” व्याख्याते कपाळाला हात लावून बसले. “खरं लिहिलं तर नोकरी जाते. आणि खोटं मला लिहिता येत नाही.”

“लिहायला कशाला पाहिजे?” बायकोनं नोटीस घडी घालून डब्याखाली ठेवली. “पान्हा कुठाय तुमचा?”

घुमटाखाली आपण एकही चुकीचं वाक्य बोललो नाही, हा व्याख्यात्यांचा अभिमान त्या दिवशीही शाबूत राहिला. ते कुणाशी एक शब्दही न बोलता गच्चीवर गेले आणि बॉलकॉक दोन आटे सैल करून आले.