जनूदादाचा चुकलेला नारळ

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. जनार्दन तांडेलच्या गमती सांगायला मला कोणी बसवलं की मी सगळ्या सांगायचो आणि नेमकी ही एक गाळायचो. आता गाळणार नाही. पण त्याआधी माणूस कळला पाहिजे.

जनूदादासमोर 'देवाच्या कृपेने' असं म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हटलंच, तर तो पेटवायला घेतलेली विडी परत कानावर ठेवायचा आणि विचारायचा, "हात कोनाचा?"

त्याची सून एकदा म्हणाली, देवाच्या कृपेने पोरगा गणितात सुटला. झालं. गणित शिकवलं कोणी? त्या बाई राहतात कुठे? त्यांना कळवलं का? संध्याकाळी आजोबा विरारला शिकवणीच्या बाईंच्या दारात, हातात नारळ. बाईंना वाटलं, फी कमी करून मागायला आले. त्यांनी आधीच सांगून टाकलं की फी कमी होणार नाही. जनूदादा म्हणाला, नका करू, नारळ घ्या.

अर्नाळ्याला नारळी पौर्णिमेला सगळं गाव वाजतगाजत किनाऱ्यावर जातं. पावसाळाभर बोटी वर ओढलेल्या असतात. दर्याला नारळ वाहायचा, त्याचे उपकार मानायचे आणि मग बोटी पाण्यात घालायच्या. जनूदादा त्याच दिवशी पोतंभर नारळ खांद्यावर टाकून दर्याकडे पाठ करून निघायचा. नारळ जायचे बोटीचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला, बर्फाच्या कारखान्यातल्या कामगारांना, ज्याने त्याला लहानपणी जाळं विणायला शिकवलं त्या आंधळ्या मामाला. एका वर्षी वादळाचा इशारा वेळेवर मिळाला म्हणून तो मुंबईला त्या सरकारी कचेरीत गेला. रखवालदार आत सोडेना. तेव्हा त्याने नारळ रखवालदारालाच दिला. "हापिस तू राखतो ना? मंग तुजाबी हात हाय."

गावाने त्याला आधी शिव्या घातल्या, मग नाद सोडला. दर्या रागावला तर, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, दर्याला राग येत असता तर आपण सांडपाणी सोडतो तेव्हाच आला असता.

या पोत्यातला पहिला नारळ माझा असायचा. अर्नाळ्याहून आगाशीला माझ्या वाडीवर तो चालत यायचा, नारळ माझ्या मांडीवर ठेवायचा, चहा प्यायचा आणि मग पुढच्या घरांना लागायचा. आभार बरोबर माणसाला पोचले पाहिजेत यासाठी अख्ख्या गावाशी भांडणारा हा माणूस सगळ्यात मोठे आभार चुकीच्या दारात घेऊन येत होता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

झालं होतं ते असं. त्याची बायको हिराबाई पावसाळ्यात सुकी मासळी विकायला आमच्या वाडीवर यायची. एका श्रावणात केळीच्या बागेतून येताना तिला फुरसं चावलं. जनूदादा इंजिनाचं सामान आणायला मुंबईला गेलेला. माझी बायको माहेरी. वाडीत मी होतो आणि पूजेसाठी केळीची पानं न्यायला आलेले आमच्या देवळाचे गुरव, नाना. दारात माझा नवा टेम्पो उभा होता, दादरला जायच्या सोनचाफ्याच्या टोपल्यांनी भरलेला. दुसऱ्या दिवशी सण, चाफ्याला भाव. नाना म्हणाले, किल्ली द्या. मी म्हणालो, रिक्षा बोलावू. नाना म्हणाले, रिक्षा येईपर्यंत ही राहणार नाही. मी म्हणालो, येईल हो, येईल.

गुरव होण्याआधी नाना वालीवला एका कारखान्याचा टेम्पो चालवायचे. त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली, हिराबाईला चाफ्याच्या टोपल्यांत आडवं केलं आणि गेले. मी मागून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते लिहीत नाही.

तासाभराने मी सरकारी दवाखान्यात पोचलो तो टेम्पो ताब्यात घ्यायला आणि नानांना फैलावर घ्यायला. नाना आरतीची वेळ झाली म्हणून निघून गेले होते. दारात जनूदादा होता; मुंबईहून परतताना विरारला उतरल्याबरोबर त्याला कोणीतरी कळवलं होतं. टेम्पोवर माझं नाव रंगवलेलं त्याने वाचलं होतं आणि डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की आणखी थोडा उशीर झाला असता तर बाई गेली असती. हिराबाईला चाफ्याच्या वासापलीकडे काही आठवत नव्हतं. आयुष्यात कोणत्या देवापुढे न वाकलेला माणूस भर दवाखान्यात माझ्या पायांवर वाकला. मी म्हणालो, "अरे, असू दे." हे खोटं नव्हतं, हीच त्यातली अडचण.

नानांनी तरी सांगावं! पण नाना पडले भाविक. पुढे किनाऱ्यावर जनूदादा भेटला तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "देवाने पोचवलं रे हिराला."

"देवाकडं टेंपोचं लायसन हाय?" जनूदादाने विचारलं.

लोक हसले. नानाही हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

नंतर मी नानांना एकटं गाठून विचारलं, का बोलला नाहीत? ते म्हणाले, "गुरवाने वाचवलं असं कळलं तर तो बिचारा फार अडचणीत येईल. आणि नारळ मला पुष्कळ मिळतात."

तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला तो नारळ घरात यायचा. बायको त्याचा नारळीभात करायची. मी खायचो नाही, साखर वाढते म्हणून सांगायचो. पुढे ती खरोखरच वाढली.

एकदा मी धीर केला. म्हणालो, "जनूदादा, पोत्यातला एक नानांनाही दे की."

"कशाबद्दल?"

तो खरंच वाट बघत थांबला. त्याची टिंगल नव्हती. कारण सांगितलं असतं तर तो तिथून उठून थेट देवळाच्या पायऱ्या चढला असता. मी म्हणालो, "सण आहे म्हणून."

"सनानं माजं काय केलंय?" म्हणत त्याने कप खाली ठेवला.

नाना वारले. हिराबाई त्यानंतर, म्हातारपणाने, घरच्या अंथरुणावर गेली. मी स्वतःला समजावलं की आता सांगून कोणाचं भलं होणार? हे समजावणं मला फार सोपं गेलं.

गेल्या नारळी पौर्णिमेला जनूदादा आला नाही. सुनेचा फोन आला, बाबा पडून आहेत, तुम्हाला बोलावतात. मी रिक्षाने अर्नाळ्याला गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं, लहान, दोनच ओळींचं. जनूदादा पार वाळला होता. उशाजवळ नारळ तयार होता. सून चहा टाकायला आत गेली. बाहेर मिरवणुकीचा बँड चालला होता, त्याने तो पुढे जाऊ दिला.

"अण्णा," तो म्हणाला, "रात्री झोप नाय येत. मानसं देवाशी बोलत पडतात, बरं असतं त्यांचं. मी कोनाशी बोलू? हिरा इतकी वर्सं मिळाली मला. मंग तुज्याशीच बोलतो. रोज आभार मानतो. तुला ऐकू येत नाय, ते बरंय, तू कंटाळला असता."

मी तोंड उघडलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या घरात त्याच्यासाठी दुसरं कोणी देवाच्या जागी नव्हतं. मी म्हणालो, "पाणी देऊ का?"

महिन्याभरात तो गेला. पाठ केलेलं वाक्य माझ्यापाशीच राहिलं. जनूदादा, हिराबाईला नानांनी नेलं. मी किल्ली देत नव्हतो. मला माफ कर.