वाऱ्याला विचारून निघालेली सायकल

समोरून वारा असला की उस्मानचाचा सायकल सरळ चालवत नसत. रस्त्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेला आणि तिथून पुन्हा डावीकडे, अशी आडवी-आडवी नेत. ते दिसले की बाजारातली माणसे दुकानांच्या पायऱ्या चढून उभी राहत. "वाऱ्याच्या तोंडात थेट घुसायचं नसतं," चाचा म्हणत, "मचवा असो नायतर सायकल." सारा जन्म शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून गेलेला, सायकल साठीनंतर शिकले. त्यामुळे हँडल म्हणजे सुकाणू आणि ब्रेक म्हणजे नांगर. आणि तो नांगरासारखाच, टाकल्यावर बऱ्याच वेळाने लागे.

आमच्या उरण बेटावर ते माझे शेजारी. मी मिठागरावरचा कारकून. वैद्यांनी माझे पोट पाहून व्यायाम सांगितला, म्हणून मी मुंबईहून एक जुनी सायकल आणवली. चाचांनी तिची घंटा वाजवून पाहिली आणि म्हणाले, "कारकून, एका दिवसात बेटाला वळसा घालू. मोऱ्याच्या बंदरातून निघायचं, पीरवाडी, मग करंजा, आन् मिठागरांतून घरी."

माझ्या हिशेबी डोक्याची कीर्ती त्यांच्या कानावर गेली असावी, असे मला वाटले. मी कामाला लागलो. मैल, वेग, पाणी पिण्याचे थांबे, दम खाण्याचे थांबे, सगळे कागदावर मांडले. आमचे कुटुंब भाकऱ्या थापता थापता म्हणाले, "बेटाला मग घाला वळसा. आधी आपल्या विहिरीला घालून दाखवा."

चाचांनी माझा तक्ता शांतपणे ऐकून घेतला. "निघायचं कधी?"

"सकाळी सहाला."

"ते तुम्ही कोण ठरवणार? ते भरती ठरवणार. भरती लागायच्या आत पीरवाडी गाठायची."

"चाचा, आपण रस्त्याने जाणार."

"मग? दर्या बाजूलाच हाय की."

मी तक्त्यातले 'सकाळी सहा' खोडले.

चाचांच्या घरची एक गोष्ट मात्र सगळ्या उरणला ठाऊक होती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. जवळचे दिसे, लांबचे सगळे धुक्यात. आदल्या वर्षी मचवा खडकाला घासला, तेव्हा त्यांच्या मुलाने, इब्राहीमने, खलाशांदेखत बापाच्या हातातून सुकाणू काढून घेतले. त्याचे काही चुकले नाही. पण खलाशांदेखत घेतले. तेव्हापासून बापलेकांचे बोलणे बंद. मुलगा करंज्याला सासुरवाडीत राहू लागला, ईदलाही फिरकला नाही. चाचा त्याचे नाव घेत नसत. 'तो मचव्यावरचा' म्हणत.

भरतीने ठरवलेल्या दिवशी आम्ही निघालो. पहिला मैल माझ्या तक्त्याप्रमाणे पार पडला. केगावात धोतराचा सोगा साखळीत अडकला आणि मी एका वाडीच्या कुंपणात जाऊन पडलो. पुढे कुत्री लागली, मग रेती. बेट सपाट आहे आणि मी पंचविशीतला आहे, असे धरून तक्ता केला होता, हे तेव्हा ध्यानात आले. वारा समोरून होता. चाचा आडवे-आडवे जात होते, तरी पुढेच होते.

"चाचा, तुम्ही दुप्पट वाट चाललात," मी धापा टाकत म्हणालो.

"पण पोचलो," चाचा म्हणाले.

पीरवाडीला किनाऱ्यावर पिराचा दर्गा आहे. समोरून जाणारा मचवा शीड हातभर उतरवतो आणि पुन्हा चढवतो. तो पिराला सलाम. मी भाकरी सोडायला लागलो, तर चाचांनी माझा हात धरून मला एका खडकावर बसवले.

"खाणं मागनं. दर्यावर बघा. शिडाला लाल ठिगळ असेल."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच मारलंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोऱ्याहून पीरवाडीवरून करंज्याला, आणि तेही भरतीबरोबर, ही मचव्याची वाट होती. चाचांना माझे डोके नको होते, डोळे हवे होते. डोके आपले भाड्याविना बरोबर आले होते.

थोड्या वेळाने लाल ठिगळ दिसले.

"शीड किती भरलंय?" चाचांनी विचारले.

"पूर्ण."

"एवढं कशाला ठेवतो? खडकापासून लांब हाय?"

"लांब आहे."

"लांब म्हणजे किती?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला आपण होऊन आकडा विचारला होता, आणि मला तो सांगता येईना. "पुष्कळ," मी म्हणालो.

चाचा सायकल धरून खडकाच्या टोकाला उभे राहिले. मी विचारले, "त्याला आपण दिसत असू का?"

"डोळे माझे गेलेत. त्याचे नाय."

शीड हातभर उतरले, पुन्हा चढले. "सलाम केला," मी सांगितले.

"पिराला केला. तो करायलाच लागतो." चाचांनी सायकल उरणच्या बाजूला वळवली. "चला, करंजा राहू दे. आल्या वाटेनं घरी जाऊ."

"चाचा, शीड पुन्हा उतरलं."

"वारा पडला असेल."

"वारा आहे. उतरवलं, आणि आता चढवतोय. दोनदा झालं."

चाचा पाठमोरेच उभे होते. "कारकून, नीट मोजलंत?"

त्या दिवशी पहिल्या मैलानंतर माझा एकही आकडा बरोबर आला नव्हता. "मोजलं," मी म्हणालो. "दोन."

चाचा खांद्यावरच्या रुमालाने सायकलची घंटा पुसत राहिले. ती आधीच लख्ख होती. मग सायकल करंज्याच्या दिशेला वळवली आणि टांग मारली. वारा आता पाठीशी होता. चाचा सरळ रेषेत असे गेले की मला त्यांची नुसती धूळ दिसली.

मी करंज्याच्या धक्क्याला रखडत पोचलो, तेव्हा मचवा लागलेला होता. दोराची गाठ कशी मारली आहे ते बोटांनी चाचपून बघत चाचा मुलाला मोठमोठ्याने शिव्या घालत होते. आणि इब्राहीम, सगळ्या खलाशांदेखत, ती गाठ सोडून मुकाट्याने पुन्हा बांधत होता.