आनंदीच्या फोनातला भाव

सुनेने फोनातल्या सापाच्या खेळात केलेला आकडा मोडायचाच, या एका ध्यासापायी आनंदी मेतर हल्ली धड जेवत नव्हती. मुलगा निकेत मुंबईला गोदीत नोकरीला होता. गणपतीला आला तेव्हा त्याने घरात एक बटणांचा मोबाईल ठेवला. आईला आणि बायकोला आपल्याशी बोलता यावं, एवढाच त्या गरिबाचा हेतू. पण मालवणात टॉवर नुकताच उभा राहिला होता, त्यामुळे फोन लागला तर लागायचा. साप मात्र हाक मारली की हजर. तो पडद्यावर सरपटायचा, ठिपके गिळायचा, लांब लांब होत जायचा आणि शेवटी आपल्याच शेपटीला धडकून मरायचा. निकेतशी काय बोलायचं हे दोघींनाही फारसं सुचत नसे, म्हणून त्यांनी सापच वाढवायला घेतला.

सून उर्वशी कुडाळची, बोटांनी चपळ. फोनात सगळ्यांत वरचा आकडा तिचा होता आणि तो ती सासूला येता-जाता दाखवायची. आनंदीला ते फार झोंबायचं. मासळी बाजारात जिच्याशी घासाघीस करायला गिऱ्हाईक दहादा विचार करतं अशी ही बाई, आणि घरात कालच्या पोरीकडून हरायचं म्हणजे काय!

"आये, तुमका मासे इकूक येतत. साप वाढवूक येणा नाय," असं त्या दिवशी पहाटे चहा गाळता गाळता उर्वशी हसून म्हणाली. आनंदीने चहा अर्धा टाकला, फोन कमरेला खोचला आणि तरातरा किनाऱ्याची वाट धरली.

किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या आणि बांगड्याचे ढीग वाळूवर पडत होते. लिलाव सत्यवान पुकारायचा. बाकीच्या बायका बोली ओरडून लावत; आनंदी लिलावात कधी तोंड उघडत नसे. भाव पटला की ती मान किंचित कलती करायची, आणि सत्यवान ती मान बरोबर टिपायचा. वर्षानुवर्षं त्यांचं हे असंच चाललं होतं आणि त्यात कधी चूक झाली नव्हती.

लिलावाला अजून वेळ आहे असं बघून आनंदी एका होडीला टेकून बसली आणि तिने साप सुरू केला. आज साप नशीब घेऊन आला होता. ठिपक्यामागून ठिपके गिळत तो असा वाढला, की लिलाव कधी सुरू झाला हे तिला कळलंच नाही. आणि गोची अशी, की साप डावीकडे वळला की आनंदीची मान डावीकडे जायची, उजवीकडे वळला की उजवीकडे. हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

सत्यवानाने पहिला ढीग पुकारला. साप वळला, मान कलली. शेजारी मथुरा उभी होती. बाजारात तिची पाटी आनंदीच्या पाटीला लागून असायची, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसलं तरी एकमेकींशी पटतही नसे. मथुराने ईर्षेने भाव वाढवला. साप पुन्हा वळला. सत्यवानाने बोली आनंदीच्या नावावर चढवली. मथुराने आणखी वाढवला. नेमका तेव्हाच साप कोपऱ्यात सापडला आणि आनंदीची मान भराभर दोन्हीकडे हलली. सत्यवानसुद्धा क्षणभर गांगरला.

मथुराने आनंदीकडे निरखून पाहिलं. माशांकडे ढुंकून न बघता ही बाई हातातल्या फोनात डोळे घालून बोली लावत होती. मथुराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने पलीकडच्या बाईला कोपराने ढोसलं आणि हळूच सांगितलं, की हिला गोव्याचा भाव फोनात दिसतो आहे. ही बातमी वाळूवरून फिरायला कितीसा वेळ लागणार? ज्या बाईला पुढचं दिसतं तिच्याशी झुंजण्यात अर्थ नाही म्हणून एकेकीने माघार घेतली आणि जिला जे परवडलं ते घेऊन ती बाजाराकडे सुटली. मथुरा पेडव्यांची, त्या स्वस्तातल्या बारक्या मासळीची, पाटी घेऊन गेली.

"आनंदीवयनी, आज सगळो बांगडो तुझो," सत्यवान पुढ्यात येऊन म्हणाला. "टेम्पो सांगू?"

साप जागच्या जागी मेला. कोणी घेतला सगळा बांगडा, असं आनंदीने विचारलं. तूच मान हलवलीस, असं सत्यवान म्हणाला. मी साप वळवत होते, हे खरं कारण तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अख्खा किनारा कान टवकारून उभा होता. आनंदी मेतर लिलावात बसून खेळत होती हे एकदा बाहेर पडलं, की तिचं बाजारातलं नाव कायमचं संपणार होतं. उद्यापासून शेंबडं पोरसुद्धा तिच्या भावाला हसलं असतं.

"सांग टेम्पो," ती म्हणाली.

बाजारात तिच्यापुढे बांगड्याचा डोंगर उभा राहिला. तिने आयुष्यात कधी इतक्या चढ्या बोलीने माल उचलला नव्हता. हा डोंगर दुपारपर्यंत खपला नाही तर मीठ लावून सुकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि मग सगळ्या गावाने कारण विचारलं असतं. आता कोणी भाव विचारला आणि आपला आवाज कापला तर गिऱ्हाइकाला वास लागेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तोंड लपवायला काहीतरी हवं म्हणून तिने फोन पदराआड धरला आणि मान खाली घालून साप सुरू केला.

कसालला हायवेवर खानावळ चालवणारा विनीत आला. बांगडा कसा दिला, असं त्याने विचारलं. आनंदी गप्प. त्याने आपणच एक भाव सांगितला. आनंदी गप्पच. आपण फारच कमी बोललो असं वाटून त्याने भाव वाढवला. तेवढ्यात कट्टा गावाहून आलेला एक दुकानदार मागे येऊन उभा राहिला. बांगडा सगळ्या बाजारात याच एका बाईकडे आहे, हे त्यालाही कळलं होतं.

"काकी, बोल तरी कायतरी," विनीत काकुळतीला आला.

आनंदीला बोलायला सवड कुठे होती? साप आता इतका लांब झाला होता की पडद्यावर त्याला स्वतःखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं. शेजारून मथुराच आपल्या पेडव्यांवरच्या माशा वारत गंभीरपणे म्हणाली, "रे, थांब जरा. ती फोनात भाव बघता. अजून चढतलो." हे ऐकून विनीत आणि कट्टेकर आपसातच बोली लावायला लागले, आणि शेवटी विनीतने आपला एरवीचा हिशेब गुंडाळून ठेवून डोंगराचा मोठा हिस्सा उचलला. राहिलेला कट्टेकराने हिसकावून घेतल्यासारखा नेला.

त्याच सुमाराला साप मेला आणि आनंदीने पडद्यावर पाहिलं. उर्वशीचा आकडा मोडला होता. चांगला घसघशीत मोडला होता. तिला उठून नाचावंसं वाटलं, पण भोवती बाजार होता. तिने तोंड दिवाळं निघाल्यासारखं केलं, रिकाम्या पाट्या एकात एक घातल्या आणि घर गाठलं.

घरी उर्वशी दारातच उभी होती. सासूने एकटीने सगळा बांगडा उचलला आणि चढ्या भावाने विकला, ही बातमी आधीच पोहोचली होती. सुनेने पाणी दिलं, सासूच्या धाडसाची मनापासून तारीफ केली.

"ता ऱ्हवांदे," आनंदी म्हणाली आणि तिने फोन पुढे केला. "ह्या बघ."

उर्वशीने आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. मग शांतपणे म्हणाली, "आये, ह्या तुमचा नाय. बाजारात कोणीतरी खेळान दिल्यान तुमका."

आनंदीच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर जग जिंकून आलेल्या बाईला स्वतःच्या घरात खोटं ठरवावं? ती तोंड उघडणार तोच मथुरा दारापुढच्या खळ्यात आली. हातात केळ्यांची फणी होती. उद्याचा भाव फोनात आधीच दिसत असेल तर आपल्यालाही जरा सांगावा, एवढं विचारायला ती आली होती.

"बरी इलंस," आनंदी म्हणाली. "सांग हिका, बाजारात मी फोनात काय करी होतंय ता."

"भाव बघी होतंस. आणि काय?" मथुरा उर्वशीकडे वळली. "देवळाच्या पायरेर हात ठेवून सांगतंय, हिना डोक्या वर काढूक नाय."

"आयकलात?" उर्वशी म्हणाली.

आनंदीने मनात हिशेब मांडला. गप्प बसलं तर बाजारातलं नाव वाचत होतं. बोललं तर आकडा आपला होत होता. मग तिने पदर खोचला.

"बसा दोघी," ती म्हणाली, आणि पायरीवर बसून तिने साप सुरू केला.

उर्वशी एका खांद्यावरून बघत होती, मथुरा दुसऱ्या. साप वळला, आनंदीची मान कलली. साप वळत गेला, मान कलत गेली. मथुराची नजर पडद्यावरून मानेवर आली, मानेवरून पुन्हा पडद्यावर गेली, आणि तिचं तोंड हळूहळू उघडं पडलं. साप मेला तेव्हा दुपारचा आकडाही मागे पडला होता.

"जिंकलात तुमी, आये," उर्वशी म्हणाली. अगदी सरळ म्हणाली. आनंदीला इतकं बरं वाटलं की तिचे डोळेच भरून आले.

मथुरा मात्र अजून मानेकडेच बघत होती. "सकाळी लिलावाक ह्याच चलला होता?"

"व्हय," आनंदी म्हणाली. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. उद्या उजाडायच्या आत सगळा बाजार हसणार, हे तिने मनाशी धरलं.

मथुरा उठून खळ्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. "ह्या कोणाक सांगशीत तर बघ," ती खालच्या आवाजात म्हणाली. "फोनात भाव चढलो म्हणान सांगान मी माझे पेडवे दुप्पट भावान इकलंय. अख्ख्या बाजारान तसाच केल्यान. कळला तर माझा तोंड दाखवूक जागा ऱ्हवाची नाय."

आनंदीने शपथ घेतली. उर्वशीलाही घ्यायला लावली. मग मथुरा पायरीवर टेकली आणि तिने फोनासाठी हात पुढे केला.

"दी हय. आणि ता वळवतत कसा, ता दाखव."

उर्वशी आत गेली आणि तिने रात्रीच्या भाताला एका माणसाचे तांदूळ जास्त घेतले.