गुंडेराव काकांचा दोनवरचा पंखा

माझ्या बाळाला बघायला जी जी माणसं आली, त्या सगळ्यांनी बाळाकडे बघितलं. गुंडेराव काकांनी छताकडे बघितलं.

दवाखान्यातून घरी येऊन आम्हाला तासही झाला नव्हता. हैद्राबादच्या काचीगुड्यातली आमची बिल्डिंग जुनी, तिला लिफ्ट नाही. दोन जिने चढून माझे टाके ओढत होते, मे महिन्यानं जीव नकोसा केला होता आणि बाळ नुकतं कुठं झोपलं होतं. तेवढ्यात दारात हे समोरच्या घरातले काका. उंच, वाळकेसे, खिशाला पेन लावावं तसा टेस्टर लावलेला आणि खांद्यावर शिडी. लोक झबली-टोपडी आणतात, हे गृहस्थ शिडी घेऊन आले होते. खोलीत शिरून त्यांनी बाळावरून नजर थेट वर नेली आणि विचारलं, "ह्याला शेवटचं कधी उतरवलते?"

"कुणाला?" मी म्हटलं.

"पंख्याला की."

काकांनी चाळीस वर्षं स्टेशनाजवळच्या एका दुकानात पंख्याच्या मोटारी भरल्या होत्या. मोटार भरायची म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायची. आता दुकान नाही, काकू जाऊन सहा वर्षं झाली, पण पंखा काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरी गेले की ते आधी वर बघतात, मग माणसाकडे. त्यांच्या घराण्याला इथं चार पिढ्या झाल्या, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकून पुण्याकडून आलेले आम्ही सुरुवातीला गालातल्या गालात हसायचो. मी खाल्लो, मी गेलो, मी सांगितलो. मला मात्र ते 'बेटा' म्हणायचे आणि तिथं माझं हसणं बंद व्हायचं.

तर त्या दिवशी काका शिडीवर चढले, पंख्याच्या दांडीला धरून हलवलं आणि वरून एक गंजकी पिन माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या हातावर ठेवली.

"ही बघा. ही तुटली की बोल्ट सरकतो. बोल्ट सरकला की पंखा खाली. आता खाली कोण झोपलंय ते तुम्हीच बघा."

आम्ही बघितलं. बाळाची गादी बरोब्बर पंख्याखाली होती. निखिलनं मुद्दाम तिथं घातली होती, वारा चांगला लागेल म्हणून. तो इंजिनिअर आहे, हे मी इथं सांगायला नको होतं.

काकांनी नवी पिन बसवली, गादी भिंतीशी सरकवली आणि खिशातून खडू काढून पंख्याखाली फरशीवर मोठं वर्तुळ आखलं. "ह्याच्या आत बाळ नक्को. पंख्याच्या खाली नै झोपायचं, पंख्याच्या शेजारी झोपायचं. आणि नंबर दोनवर. तीन नक्को. पाच म्हणजे शादीखाना होतो, लग्नाचा हॉल."

दुसऱ्या दिवशी माझी आई वाईहून आली. तिनं ते वर्तुळ बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. कुणी काही करणी केली की काय असं तिला वाटलं. मी समजावून सांगितल्यावर तिची भीती गेली, पण राग आला. बाळंतिणीच्या खोलीत पंखा? कानात वारं गेलं तर? तिनं पंखा बंद केला, खिडकी लावली, बाळाला टोपडं बांधलं, दुपट्यात गुंडाळलं, माझ्या कानात कापूस कोंबला आणि खाटेखाली शेगडी सरकवली. बाहेर हैद्राबादचा मे महिना. मी आतून शिजत होते आणि मला शेक मिळत होता.

चार वाजता काका आले. बघितलं, तर पंखा बंद. त्यांनी न बोलता दोनवर लावला. आईनं न बोलता बंद केला. त्यांनी पुन्हा लावला.

"मी तीन पोरं वाढवलीत पंख्याशिवाय," आई म्हणाली.

"कुठं, ताई?"

"वाईला."

"वाईला झाडं आहेत ताई. इथं स्लॅब आहे."

या वादात मला कुणी काही विचारलं नाही. मला दोन तास सलग झोप हवी होती. त्यासाठी पंखा दोनवर असो, पाचवर असो की बेगम बाजारात असो, माझी काही हरकत नव्हती. मी उशीत तोंड खुपसून पडून राहायचे आणि डोक्यावर बटणाची टकटक चालू असायची.

पाचव्या दिवशी बाळाच्या मानेवर घामोळं उठलं, अंग लालेलाल. डॉक्टरांकडे नेलं. टोपडं काढा, एकच सुती झबलं घाला, पंखा हळू ठेवा, झोत थेट अंगावर नको, असं डॉक्टर म्हणाल्या. घरी आल्यावर आई म्हणाली, "गुंडेरावांनीच शिकवलेलं दिसतंय हिला." पण त्या दिवसापासून पंखा दोनवर राहिला आणि शेगडी बाल्कनीत गेली.

काकांचा विजय झाला खरा, पण माझे हाल वाढले. ते आता सकाळी अकराला आणि दुपारी चारला तपासणीला यायला लागले. वर्तमानपत्राची एक लांब चिंधी फाडून ती बाळाच्या गादीवर धरायची आणि हलते का ते बघायचं. जरा थरथरली तर ठीक, फडफडली तर गादी आणखी चार बोटं सरकवायची. मग मला प्रश्न. "मानेला हात लावून बघितलीस का, बेटा? मागनं लाव. हात-पाय गारच असतात लेकरांचे, त्यांच्यावर जाऊ नको. मान खरं सांगते." बाळाला हात लावायची वेळ आली की ते नेहमी मला सांगायचे. स्वतः कधी लावला नाही. "माझे हात तेलाचे आहेत," म्हणायचे. हात तर स्वच्छ असायचे.

आणि ती बेल. मोठ्या मुश्किलीनं बाळ झोपवावं, स्वतः आडवं व्हावं, की वाजली बेल. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, कृपा करून बेल वाजवू नका." दुसऱ्या दिवशी अकराला बेल वाजली नाही. मी सुखानं झोपले. पाऊण तासानं निखिलनं कचरा ठेवायला दार उघडलं, तर काका बाहेर चिंधी हातात धरून उभे. बेल वाजवायची नाही म्हटल्यावर त्यांना आत यायचा दुसरा रस्ता सुचला नव्हता. मला हसू आलं, रडूही आलं. त्या दिवसांत मला कशानंही रडू यायचं.

बारशाच्या आधी तीन दिवस आई सामान आणायला बेगम बाजारात गेली होती. काका पाती पुसायला आले. त्याचीही त्यांची पद्धत होती. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवायचा आणि पुसत पुसत मागे ओढायचा, म्हणजे धूळ अभ्र्यात राहते, बाळाच्या नाकात जात नाही. मी बाळाला घेऊन दारात उभी होते. रात्रभर जागी होते, पाठ मोडून आली होती आणि हे वर एकेक पातं पंधरा मिनिटं पुसत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तुम्हाला स्वतःचं कुणी नाही का हो?"

बोलले आणि जीभ चावली. त्यांचा हात थांबला नाही.

"आहे की," ते म्हणाले. "मुलगी आहे इथंच, दिलसुखनगरला. तिला मुलगी झाली. आठ महिने झाले आता."

"मग तिकडे जात नाही?"

"बारशाला गेलतो. त्या लोकांनी पंख्याच्या हुकाला पाळणा टांगले होते. पंखा तसाच, त्याच हुकाला दोरी. तो हुक पंख्याच्या वजनाचा असतो बेटा, झोक्याचा नसतो. झोका दिला की तो ढिला होतो, आणि वर पंखा आहेच. मी सांगितलो. कुणी ऐकले नै. मग मी ओरडलो. चारशे माणसांत बसलो होतो जसा, तसा उठून पाळणा सोडलो. शुभकार्यात अपशकुन केला म्हणाले जावई. नाव ठेवायच्या आधी मला बाहेर काढले. नाव फोनवर कळलं. मुलगी करते फोन, घरात कुणी नसलं की."

चारशे माणसं नसणार, पण त्यांना तेवढी वाटली असतील. त्यांनी अभ्रा झटकून त्याची घडी केली, शिडीवरून उतरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी लै बोलतो. काकू पण म्हणायची. तुझ्या घरी मी जास्ती बोललो तर सांग, मी गप बसतो. पण यायला नक्को म्हणू नको बेटा."

बारशाच्या दिवशी मी दुपारभर आतल्या खोलीत होते. बाळाला पाजणं, त्याचे कपडे बदलणं, पुन्हा पाजणं, मग स्वतः साडी नेसणं, आणि साडीवर बाळानं दूध काढलं म्हणून दुसरी नेसणं. बाहेर आईचं राज्य. पाच वाजता तिनं हाक मारली, मी बाळाला घेऊन बाहेर आले. पाळणा फुलांनी सजवलेला होता. आईनं बाळ माझ्या हातून घेतलं, पाळण्यात ठेवलं आणि बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. हॉलमधला पंखा बंद होता, सगळे घामाघूम. मी भिंतीला टेकले. उभ्या उभ्या डोळे मिटत होते.

"काका, जरा बाजूला व्हा ना, बाळ दिसत नाही," कुणीतरी म्हणालं.

मी डोळे उघडले. काका पाळण्यावर ओणवे उभे होते. पाठ पूर्ण वाकवलेली, दोन्ही तळवे पाळण्याच्या बुडाखाली. पाठीला सदरा चिकटला होता.

"अहो गुंडेराव, फोटो काढायचेत," आई म्हणाली. "झोका तरी देऊ द्या."

ते हलले नाहीत. बोललेही नाहीत. बायका हसायला लागल्या. मलाही वाटलं, आता हे काय नवीन खूळ. मग त्यांनी मान तिरकी करून वर बघितलं आणि मला त्यांचा चेहरा दिसला. बारा दिवसांत पहिल्यांदाच हा माणूस वर बघत होता आणि तोंडातून एक शब्द काढत नव्हता.

मीही वर बघितलं. फुलांच्या माळांमधून पाळण्याची दोरी सरळ वर गेली होती, पंख्याच्या दांडीला वळसा घालून हुकात अडकवलेली. आमच्याकडे पाळणा टांगतात, स्टँडवर ठेवत नाहीत, असं आई सकाळपासून म्हणत होती. मी ते ऐकलं होतं. हुकाचं मला माहीत होतं, तीन दिवसांपूर्वी मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि तरी मी आले, बाळ दिलं आणि भिंतीला टेकून झोपायला लागले. पंखा पडला असता तर आधी त्यांच्या पाठीवर पडला असता. ते त्यासाठीच तिथं वाकून उभे होते. बोलायची त्यांची हिंमत नव्हती, आणि दूर व्हायचीही नव्हती.

मी पुढे होऊन बाळाला उचललं.

"अगं, नाव सांगायचंय अजून," आई म्हणाली. "असं मध्येच उचलत नाहीत."

"पाळणा उतरवायचा, आई. पंख्याला टांगायचा नाही तो. नाव मांडीवर सांगू."

"काय हे. सगळ्यांसमोर? कुणाच्या मांडीवर?"

काका अजून तसेच वाकलेले होते, तळवे उघडे. त्यांना सरळच होता येईना. निखिलनं त्यांना धरून हळूच सतरंजीवर बसवलं आणि मी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते नको नको म्हणत मागे सरले. मग त्यांचा एक हात आपोआप बाळाच्या मानेखाली गेला आणि तिथंच राहिला. आईनं माझ्याकडे बघितलं, वर हुकाकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवत काकांच्या शेजारी बसली आणि वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. त्यांनी ते अगदी जवळून ऐकलं.

बायका पेढे वाटायला उठल्या, निखिल दोरी सोडायला शिडी आणायला गेला. काकांनी माझ्या पदराचं टोक धरून मला खाली बसवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बाळ मांडीवर असल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं.

"बेटा, मी काही बोललो नै ना?"

"नाही, काका."

"ओरडलो नै ना मी? पाळण्याला हात लावलो, तेवढंच. बोललो काहीच नै. ताईंना तसं सांग."

मी पुन्हा नाही म्हटलं. जाईपर्यंत त्यांनी मला ते आणखी दोनदा विचारलं.